होडीची विजेरी मोटर : आधी पाणी पाहा

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ अडकली. उल्हास नदी रुळांवर आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुमारे १,०५० प्रवासी सुखरूप बाहेर काढले गेले; त्यांत गरोदर बायका होत्या, तान्ही मुले होती. एनडीआरएफ आणि नौदलाची पथके आली, हेलिकॉप्टर आले. पण माणसे कोरड्या जमिनीपर्यंत आली ती मुख्यतः रबरी बोटींतून. त्या बोटींच्या मागे अडकवलेले यंत्र होते पेट्रोलचे.

तेव्हापासून या पट्ट्यात 'आपल्याकडे एक तरी बोट हवी' हा विचार काही नवा राहिलेला नाही. २००५ चा जुलै लोक विसरलेले नाहीत आणि २०२१ च्या जुलैतही पाणी घराघरांत शिरले. बदलापूरच्या बॅरेजजवळ नदीने १७.५० मीटरची धोक्याची पातळी गाठली की मोबाइलवर निरोपांचा पाऊस सुरू होतो. अशा वेळी ग्रामपंचायत, गृहसंकुल किंवा एखादे तरुण मंडळ होडी घ्यायला निघाले, की आता दुकानदार आधी विजेरी मोटर दाखवतो. धूर नाही, आवाज नाही, दोरी ओढत बसणे नाही; बटण फिरवले की होडी चालली. स्कूटर विजेची आली, रिक्षा आली, मग होडी का नको?

होडी विजेची जरूर असावी. मात्र ती कोणत्या पाण्यात चालवायची, हे ठरल्याशिवाय एक रुपयाही मोजू नये. उन्हाळ्यातली उल्हास आणि जुलैतली उल्हास या दोन वेगळ्या नद्या आहेत, आणि एका छोट्या मोटरीने दोन्ही सांभाळण्याची आशा धरणे धोक्याचे आहे.

होडीच्या मागच्या फळीवर अडकवायची, उचलून घरी नेता येणारी मोटर मुळात विजेचीच होती, ही गंमत फारशी कोणाला ठाऊक नसते. गुस्ताव्ह त्रूव्हे नावाच्या फ्रेंच संशोधकाने १८८१ मध्ये पॅरिसच्या सेन नदीवर अशी मोटर लावून होडी चालवून दाखवली. पेट्रोलची आउटबोर्ड त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी आली आणि तिने विजेला मागे टाकले. कारण तेव्हा जे होते तेच आजही आहे : एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सव्वा. इंजिन त्यातली बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून वाया घालवते आणि मोटर फार कमी, हे खरे. तरीही अंतर मोठे उरते.

आता पुराचे गणित मांडू. बारा फुटांची साधी होडी पाणी कापत जाते तेव्हा तिच्याच लाटेत अडकते. साधारण साडेआठ किलोमीटर ताशी या वेगानंतर तिला आणखी जोर दिला तरी ती फारशी पुढे सरकत नाही, नुसते नाक वर करते. शिवाय वेग दुप्पट हवा तर ताकद दुप्पट पुरत नाही, आठपट लागते. पुराच्या मुख्य धारेत पाणी सेकंदाला ३ मीटरने वाहणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. म्हणजे ताशी जवळपास ११ किलोमीटर. एक किलोवॅटची विजेरी मोटर लावलेली होडी अशा धारेत पूर्ण जोर लावूनही मागे मागे जाईल, आणि चार माणसांना घेऊन थेट एखाद्या पुलाच्या खांबावर किंवा तारेच्या कुंपणावर जाईल. बचाव पथकांच्या रबरी बोटी पाण्यावर उचलल्या जाऊन सरकतात, म्हणून त्यांना २५ हॉर्सपॉवर किंवा त्याहून अधिक ताकदीची यंत्रे लागतात.

मग विजेचीच २५ हॉर्सपॉवर का नाही? एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. पंचवीस म्हणजे साडेअठरा किलोवॅटच्या वर. तेवढा जोर तासभर टिकवायचा तर लिथियमच्या १०० अँपिअर-तासांच्या जवळपास पंधरा बॅटऱ्या लागतील, आणि त्यांचे वजन पावणेदोनशे किलो. म्हणजे वाचवायच्या तीन माणसांची जागा बॅटऱ्यांनीच घेतली. तेवढ्याच कामाला पेट्रोलचे दहा-एक लिटरचे कॅन पुरते, आणि दुसरे कॅन कोणीही खांद्यावर घेऊन येऊ शकतो. बॅटरी भरायला वीज लागते. पूर आल्यावर पहिली जाते ती वीजच. ती सुरक्षेसाठी मुद्दाम बंद केली जाते आणि परत यायला कधी कधी दोन-दोन दिवस लागतात. पुराच्या बचावाला म्हणून कोणी छोटी विजेरी मोटर विकत असेल, तर त्याला सरळ नाही म्हणावे.

पण वर्षात पुराचे दिवस किती? उरलेल्या दिवसांचे काय, हा प्रश्न आरोग्याच्या दृष्टीने मोठा आहे, आणि तिथे पारडे पूर्ण फिरते. उल्हास बारमाही वाहते, कारण टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून सुटणारे पाणी तिला उन्हाळ्यातही मिळते. हेच पाणी पुढे बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणच्या नळांना येते. जुन्या धाटणीचे टू-स्ट्रोक यंत्र आत घेतलेल्या इंधनाचा पाव भाग किंवा त्याहूनही अधिक न जळताच बाहेर टाकते, आणि आउटबोर्डच्या बाबतीत 'बाहेर' म्हणजे पाण्यात. पिण्याच्या पाण्याच्या बंधाऱ्यात जलपर्णी काढणे, पाण्याचे नमुने घेणे, सुट्टीच्या दिवशी पोहायला येणाऱ्यांवर नजर ठेवणे, गाळ मोजणे या कामांसाठी रोज पेट्रोलचे यंत्र फिरवणे म्हणजे आपल्याच हंड्यात तेल ओतणे. ही कामे संथ पाण्यात, संथ वेगाने होतात. विजेरी मोटर नेमकी इथली. केरळने हे आधी ओळखले : वैकम ते तवणकडवू या जलमार्गावर 'आदित्य' ही सौरऊर्जेवरची प्रवासी बोट २०१७ पासून धावते आहे आणि कोचीची वॉटर मेट्रो २०२३ मध्ये सुरू झाली. ठरलेला मार्ग, ठरलेला वेग, धक्क्यावर चार्जिंग. त्यांनी विजेला तिला जमेल असेच काम दिले.

संथ पाण्यासाठी मोटर निवडताना पहिली अडचण आकड्यांची. छोट्या मोटरींवर हॉर्सपॉवर लिहीत नाहीत, 'पाउंड थ्रस्ट' लिहितात. म्हणजे होडी बांधून ठेवली असता मोटर किती जोराने ओढते. ५५ पाउंडांची मोटर सुमारे २५ किलो वजनाएवढी ओढ देते आणि पूर्ण वेगात १२ व्होल्टवर ५० अँपिअरच्या आसपास वीज खाते. म्हणजे ६०० वॅट, एक हॉर्सपॉवरही नाही. 'साहेब, तीन एचपी समजा' असे कोणी म्हणाले तर तो आकडा कुठून आला ते विचारावे. त्यात तथ्य अगदीच नसते असे नाही. विजेरी मोटरीचा पंखा मोठा आणि संथ असतो, तो पाणी चांगले पकडतो, आणि छोट्या पेट्रोल यंत्राचा लहान, वेगवान पंखा बरीच ताकद नुसती पाणी घुसळण्यात घालवतो. त्यामुळे चांगल्या बनावटीची एक किलोवॅटची विजेरी मोटर दोन-तीन एचपीच्या पेट्रोल यंत्राशी बरोबरी करू शकते. पण सहाशे वॅटची नाही.

किती ओढ हवी, याचा जुना आडाखा असा की भरलेल्या होडीच्या दर १०० पाउंड वजनामागे २ पाउंड. होडी १५० किलो, चार माणसे २८० किलो, बॅटरी-नांगर-दोर ५० किलो. एकूण ४८० किलो म्हणजे साधारण १,०६० पाउंड. आडाख्याने २१ पाउंड पुरतात, पण तो वारा नसतानाचा हिशेब आहे. बंधाऱ्याच्या उघड्या पाण्यावर दुपारचा वारा सुटला की २१ पाउंडांची मोटर रडकुंडीला येते. दुप्पट घ्यावी, ४० ते ५५ पाउंड.

मात्र खरी खरेदी मोटरीची नसते, बॅटरीची असते, आणि चुका तिथेच होतात. घरातल्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी होडीत ठेवावी असा मोह पुष्कळांना होतो. ती पन्नास किलोंच्या वर भरते, आडवी झाली तर आम्ल सांडते, आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. शिसे-आम्लाची १०० अँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्याहून खाली उतरवली तर लवकर मरते. म्हणजे हाती उरतात सहाशे वॅट-तास, ५५ पाउंडांच्या मोटरीला पूर्ण वेगात जेमतेम तासभर. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बारा किलोंच्या आसपास असते, तिची ८०-९० टक्के ऊर्जा वापरता येते आणि निम्म्या ताकदीवर तीच मोटर साडेतीन तास चालते. लिथियमच्या प्रकारांत फॉस्फेटचीच घ्यावी, कारण उष्णता सहन करण्यात ती इतरांपेक्षा भरवशाची. किंमत जास्त आहे आणि ग्रामपंचायतीच्या दरपत्रकात ती खुपते. पण दर दोन-तीन वर्षांनी शिशाची बॅटरी बदलण्याचा खर्च त्या दरपत्रकात कोणी लिहीत नाही.

बॅटरीतली एक तृतीयांश ऊर्जा परतीसाठी राखूनच निघावे. आणि वल्ही होडीत असलीच पाहिजेत, मोटर कितीही महागाची असो.

बाकीच्या गोष्टी लहान वाटतात, पण त्यांवरच मोटर टिकते. होडीच्या मागच्या फळीची उंची मोजून दांड्याची लांबी ठरवावी. पंखा पूर्ण बुडाला नाही तर तो हवा घुसळतो, फार खोल गेला तर उल्हासच्या उन्हाळी पात्रात दगडांवर आपटतो. जलपर्णीत आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत पंखा गुंततो, म्हणून गवत कापणारी पाती आणि पंख्याभोवती जाळी घ्यावी. पाण्यात माणूस असण्याची शक्यता असेल तिथे तर जाळीशिवाय मोटर चालवूच नये. कल्याणच्या पुढे खाडीत जायचे असेल तर खाऱ्या पाण्यासाठी बनवलेली, जस्ताचा झिजता तुकडा लावलेली मोटर वेगळी मिळते. गोड्या पाण्याची मोटर खाडीत एका हंगामात गंजते. बॅटरीजवळ ६० अँपिअरचा फ्यूज किंवा ब्रेकर हवा आणि वायर जाड हवी, कारण पन्नास अँपिअर बारीक वायरीतून गेले तर ती वितळते. १२ व्होल्टचा झटका माणसाला मारत नाही, चार्जरमधला २३० व्होल्टचा मारतो. ओल्या होडीत, ओल्या हातांनी, अंगणातल्या लोंबत्या बोर्डावरून चार्जिंग करणे बंद झाले पाहिजे. आयपी ६७ हा शिक्का एक मीटर संथ पाण्यात अर्धा तास एवढेच सांगतो. गाळाच्या पाण्यात रात्रभर बुडालेल्या बॅटरीबद्दल तो काही सांगत नाही. अशी बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये.

आवाज नसणे हा विजेरी मोटरीचा गुण सगळेच सांगतात, आणि टेहळणीला तो उपयोगी आहेच. पण बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्यावर येते तेवढ्या क्षणात तो श्वास घेतो. म्हणून शांत होडीतही नजरच कामाला येते. शिवाय पाण्यातल्याला मागून येणारी होडी ऐकू येत नाही. न वाजणारे वाहन किती घातक असते हे वांगणीत तरी समजावून सांगायला नको; दृष्टिहीन कुटुंबे इथे मोठ्या संख्येने राहतात आणि विजेवरच्या गाड्यांची अडचण त्यांना रोज रस्त्यावर भोगावी लागते. होडीवर साधी शिट्टी किंवा भोंगा बांधायला शंभर-दोनशे रुपये लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्यातली बहुतेक महापुरात नव्हे, तर रोजच्या पाण्यात, विहिरीत, तळ्यात, ओळखीच्या नदीत बुडाली. मोटरीवर चाळीस हजार घालून लाइफ जॅकेट दोनच घेणारी खरेदी समिती हिशेब उलटा करते. जितकी माणसे बसणार तितकी जॅकेटे, आणि दोन जास्तीची. त्यानंतर पैसे उरले तर मोटर.

गावाने एकच होडी घ्यायची असेल तर ती विजेरी, संथ पाण्याची घ्यावी आणि पावसाळ्यात नदीला पाणी चढले की ती उचलून घरात ठेवावी. पुराच्या पाण्याची बोट तालुक्याने किंवा नगरपालिकेच्या अग्निशमन दलाने ठेवावी. फोर-स्ट्रोक पेट्रोल यंत्राची, प्रशिक्षित माणसांसह. दर मे महिन्यात ती एकदा पाण्यात उतरवून, माणसांच्या वजनाएवढी वाळूची पोती भरून, धारेविरुद्ध चालवून पाहावी. वर्षभर गोदामात पडलेल्या यंत्रात पेट्रोलचा डिंक साचतो आणि कार्ब्युरेटर तुंबतो. ते जुलैच्या मध्यरात्री कळण्यापेक्षा मेमध्ये कळले तर मेकॅनिक बोलवायला वेळ असतो.