घरचा खेळ : कारंज्याची वेस

मैत्रिणींनो, मे महिन्यात आपल्या वाशीमकडे दुपारी बारा ते पाच मुलांना बाहेर सोडायची सोय नसते. पत्ते दोन दिवस पुरतात. व्यापार मांडला की बँक कोणी व्हायचे यावर रडारड. सापशिडीत तर सगळे फाशाच्या हाती, डोके चालवायला जागाच नाही. म्हणून यंदा घरीच एक खेळ केला, आणि तोही आपल्याच जिल्ह्यातल्या खजिन्याचा.

गोष्ट डिसेंबर १६७० ची. ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटून शिवाजी महाराज वऱ्हाडात आले नि कारंज्याची श्रीमंत पेठ लुटली. जदुनाथ सरकार लिहितात की कोटभर रुपयांचे कापड, सोने, चांदी ४००० बैल-गाढवांवर लादून नेले. श्रीमंतांना खंडणीसाठी धरले. निसटला तो एकच, आणि तोच सर्वांत बडा. बाईचा वेष घेऊन! महाराजांच्या फौजेला बायकांच्या अंगाला हात लावायची सक्त मनाई होती ना.

आता सामान. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू, त्याखाली लग्नपत्रिकांचे पुठ्ठे खळीने चिकटवून. चार कवड्या, वाटीभर चिंचोके, चार रिकाम्या काडेपेट्या नि प्रत्येकाला निराळ्या रंगाचे बटण. पट सोंगट्यांच्या पटासारखा अधिकाच्या आकाराचा काढा. मधोमध पेठ, चारी हातांना आठ-आठ घरे, शेवटचे घर म्हणजे वेस. दिल्ली, पोहा, मंगरूळ, दारव्हा ही कारंज्याच्या वेशींची नावे लिहा.

आपण सगळे सावकार, पेठेत बसलेले. कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितके चिंचोके उचला, नाहीतर तितकी घरे चाला. पण दर पाच चिंचोक्यांच्या ओझ्यामागे एक घर कमी. ओझे वाटेत टाकता येते, परत उचलता येत नाही. चारही कवड्या उताण्या किंवा चारही पालथ्या पडल्या की फौज आली. एका वेशीवर काडेपेटी ठेवून ती बंद. त्या वाटेवर असाल तर मागे फिरा. चारही वेशी बंद झाल्या की आत उरलेल्यांचे सगळे गेले. जो जास्त चिंचोके बाहेर नेईल तो जिंकला.

एक सवलत आहे. पेठेत पाच चिंचोके मोजून ‘लुगडे’ घेता येते. लुगडे नेसलेला बंद वेशीतूनही जातो, मात्र ओच्यात मावतील तेवढे पाचच नेता येतात.

पहिल्याच दिवशी धाकटा अडून बसला. “मी मावळाच होणार. महाराजांच्या विरुद्ध खेळणार नाही!” मी शाळेत अर्धवेळ शिकवते, हा धडा कितीदा शिकवला असेल, पण या प्रश्नाला पटकन उत्तर सुचेना. मुलूख मोगलांचा होता, पैसा स्वराज्याला हवा होता, हे खरे. लुटले गेले ते आपल्याच गावचे लोक, हेही खरे. दोन्ही सांगितले. त्याला फारसे पटले नाही, पण चिंचोके मोजायला बसला.

लुगड्याला मात्र ठाम नकार. “मी बाई होणार नाही.” ताई मजेत लुगडे घेऊन पाच-पाच चिंचोके घेऊन निसटायची नि हा वाटी भरून आत अडकायचा. ह्यांचेही तेच, “आणखी एकदाच टाकतो,” म्हणत दोन वेशी गमावायचे. (घरखर्चात मला काटकसर शिकवणारे हेच बरे!) सासूबाई सहा चिंचोके घेऊन दारव्हा वेशीतून कधीच बाहेर पडलेल्या असत नि तिथून पानदान उघडून बाकीच्यांची गंमत बघत.

परवा धाकटा २२ चिंचोके घेऊन पेठेत खिळलेला. तीन वेशी बंद, ताई कवड्या खुळखुळवतेय. त्याने वाटीकडे पाहिले, वेशीकडे पाहिले, आणि पाच चिंचोके माझ्यापुढे सरकवून अगदी हळू आवाजात म्हणाला, “आई, लुगडे दे.”

कोणी हसले नाही. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “पदर घे बाप्पा नीट डोईवरून. शिपाई पाहून राह्यले.”