मोहाला विदेशी म्हणण्यापूर्वीं

नागपुरांतील सुशिक्षित घरांत अलीकडे एक नवी रसिकता रुजूं लागली आहे. बोर्दो, शाब्ली हीं नांवें आतां जुनीं झालीं. अपरिचित द्राक्षांचा आणि अपरिचित वाइनांचा शोध घेणें हें अभिरुचीचें लक्षण ठरत आहे. या शोधाला आमचा मुळींच विरोध नाहीं. जॅन्सिस रॉबिन्सन व त्यांचे दोन सहकारी यांनीं २०१२ सालीं वाइनच्या द्राक्षांचा जो कोश प्रसिद्ध केला, त्यांत १,३६८ जातींची नोंद आहे. दुकानांत मात्र त्यांतल्या मोजक्या जातींचींच नांवें पुनः पुन्हां दिसतात. उरलेल्या जातींची कोणी आस्थेनें चौकशी केली, तर तो विद्येचाच एक प्रकार होय. फ्रान्सच्या जुरा प्रांतांत साव्हान्यें द्राक्षाची वाइन सहा वर्षांहून अधिक काळ लाकडी पिंपांत ठेवतात. पिंप आटत गेलें तरी तें पुन्हां भरीत नाहींत, आणि वर धरलेल्या किण्वाच्या सायीखालीं अक्रोडाच्या वासाची पिवळी वाइन तयार होते. जॉर्जियांत द्राक्षें सालींबियांसकट जमिनींत पुरलेल्या मातीच्या रांजणांत आंबवतात. पांढऱ्या द्राक्षांची अशी वाइन अंबराच्या रंगाची होते, म्हणून तिला ‘ऑरेंज वाइन’ म्हणतात. तें नांव ऐकून नागपूरकराला काटोलचा संत्रा आठवेल. पण संत्र्याचा तिच्यांत थेंबही नसतो. या रांजणाच्या पद्धतीला युनेस्कोनें २०१३ सालीं मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. हें सर्व जाणून घेण्यासारखें आहे यांत शंका नाहीं.

आमची तक्रार शोधाविषयीं नाहीं. तो जेथें येऊन थबकतो त्या जागेविषयीं आहे. जॉर्जियाच्या सापेरावी द्राक्षाचा गरही लाल असतो, हें आमच्या रसिकांस तोंडपाठ असतें. परंतु पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानें पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरांतून रसासाठीं ‘मांजरी मेडिका’ ही जात काढली, आणि तिचाही गर लालच असतो, हें त्यांपैकीं कितीजणांना ठाऊक आहे? मांजरी तरी दूर राहिली. रामटेकच्या पलीकडे पेंचच्या रानांत मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाच्या झाडाखालीं फुलांचा सडा पडतो. बाया-पोरें अंधारांतच टोपल्या घेऊन तीं वेंचतात, अंगणांत वाळवतात आणि वर्षभर त्यांवर मीठमिरची भागवतात. हीं फुलें भिजवून आंबवलीं म्हणजे त्यांचा सडवा होतो व तो गाळला म्हणजे मोहाची दारू. जॉर्जियांतल्या पुरलेल्या रांजणाला जगाचा मान मिळाला; आमच्या रानांतल्या पुरलेल्या मडक्यावर छापा पडतो आणि दुसऱ्या दिवशीं ‘मोहसडवा नष्ट’ एवढीच बातमी वर्तमानपत्रांत येते.

यावर कोणी म्हणतील कीं, ही तुलनाच चुकीची. द्राक्षाची वाइन आंबवलेली, मोहाची दारू गाळलेली. आम्ही विचारतों, कोन्याक ही तरी द्राक्षाची गाळलेली दारूच ना? ती या रसिकांच्या कपाटांत वाइनच्या शेजारीं सन्मानानें बसते. मग भेद गाळण्याचा नसून गाळणाऱ्याचा आहे, असें म्हणणें भाग पडतें. आमच्या पूर्वजांस हा भेद ठाऊक नव्हता. चरकसंहितेंत ज्या चौऱ्यांशीं आसवांची गणना आहे, त्यांत फळांच्या आसवांमध्यें मृद्वीका म्हणजे द्राक्ष आहे आणि फुलांच्या आसवांमध्यें मधूक म्हणजे मोह आहे. एकाच यादींत, एकाच पंक्तीला दोन्ही बसलीं आहेत.

ही पंक्ति मोडली ती पुढें कायद्यानें. इंग्रजी अमदानींत, १८९२ सालीं, मुंबई इलाख्यांत मोहफुलांवर निर्बंध घालणारा खास कायदा झाला. याच्या उलट २००१ सालीं महाराष्ट्रानें द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठीं स्वतंत्र धोरण आंखलें व वाइनला सवलती दिल्या. मोहफुलें गोळा करण्यावरील व त्यांच्या वाहतुकीवरील निर्बंध राज्यानें उठवले ते २०२१ सालीं! त्यानंतर एप्रिल २०२२ मध्यें मंत्रिमंडळानें ठरविलें कीं, काजूबोंडें व मोहफुलें यांच्या मद्याला ‘देशी’ न मानतां ‘विदेशी मद्य’ मानावें. हेतु चांगला असेल. ‘देशी’ या शिक्क्याखालीं चांगल्या मालालाही किंमत येत नाहीं, हें खरें. पण औषध रोगाहून लाजिरवाणें आहे. जो वृक्ष या भूमींतलाच, त्याच्या फुलाला मान हवा असेल तर त्यानें परदेशी व्हावें! गोव्याकडे पाहा. काजू पोर्तुगीजांनीं ब्राझीलहून आणला. तरी गोव्यानें फेणी आपली म्हटली, २००९ सालीं तिला भौगोलिक मानांकन मिळविलें व २०१६ सालीं तिला वारसा-मद्य म्हणून गौरविलें. मध्यप्रदेशानें २०२१ सालीं मोहाच्या दारूला हाच दर्जा देण्याचें जाहीर केलें. परक्याला आपलें म्हणणारा गोवा शहाणा, कीं आपल्याला परकें म्हणणारे आम्ही?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दारूनें घरें बुडतात. गडचिरोलींत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि तिच्यामागें लोकांची मोठी चळवळ होती. त्या चळवळींतील स्त्रियांपुढें आम्ही मान लववितों. आम्ही कोणासही पिण्याचा उपदेश करीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, मोजमाप एक असावें. मद्य हें व्यसन म्हणून त्याज्य असेल, तर नाशिकच्या शेनें ब्लांलाही तोच न्याय लावा. द्राक्ष आंबवणें ही शेती आणि संस्कृति असेल, तर मोह आंबवणाऱ्या गोंडाला केवळ गुन्हेगार समजूं नका. त्याला स्वच्छ भांडीं, तपासणीची सोय, परवाना आणि स्वतःच्या नांवाची मोहर द्या. नाहींतर ‘विदेशी’ मोहाचा नफा कारखानदार नेतील, आणि पहाटे फूल वेंचणारीच्या हातीं टोपलीच राहील.

हें नागपूर वसविलें तें देवगडच्या गोंड राजानें, बख्त बुलंद शहानें. त्याच शहरांत बसून जुराच्या अक्रोडी वासाची वाखाणणी करणाऱ्या आमच्या मित्रांनीं त्याच्या रानांतल्या मोहाला काय वास येतो, याचीही एकदां चौकशी करावी. प्याला हातीं न धरतांही ती करतां येते. त्यासाठीं एप्रिलांत पहाटे उठून पेंचच्या वाटेला लागावें, इतकेंच.