रोजचे वाचन आणि रोजचे वागणे

वर्गातील एका मैत्रिणीने मागे मला विचारले, "तुमच्या धर्मात नुसता विश्वास ठेवला की झाले ना? मग चांगले वागायचे कशाला?" मी पौलाच्या रोमकरांस पत्राचा आधार देऊन ऐटीत उत्तर दिले, की तारण कृपेने मिळते, कर्माचा मोबदला म्हणून नव्हे. उत्तर बरोबरच होते. पण त्यापुढे मला बोलता येईना. कारण सांगते.

आमच्या घरी दिवेलागणीला बायबलचा एक अध्याय वाचण्याची रीत आहे. आजीला अक्षरओळख नाही, आई चौथीपर्यंत शिकलेली. कॉलेजात जाणारी घरातली पहिलीच मी, म्हणून वाचन माझ्याकडे. माझ्या स्पष्ट उच्चारांचे कौतुक होई आणि (खोटे कशाला बोलू?) मला ते आवडे. गेल्या हिवाळ्यात वाचन चालू असताना ऊसतोडीच्या टोळीतील एक बाई दारात आली. पोर तापाने फणफणले आहे, एखादे जुने पांघरूण द्या, म्हणाली. मी ओळीवरचे बोट न हलवता म्हटले, "प्रार्थना झाल्यावर या." ती परत आली नाही.

त्यानंतर आठवड्याने याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचनात आला. उघड्या, उपाशी भावाबहिणीला नुसत्या सदिच्छा देऊन वाटेला लावले तर काय उपयोग, असे याकोब तेथे विचारतो. माझा आवाज बसला. आजी म्हणाली, "वाच की गं पुढं."

मार्टिन ल्यूथरने १५२२ साली या पत्राला गवताची उपमा दिली होती. पापाच्या शिक्षेची माफी पैशाने विकली जात होती, त्या काळात त्याचा राग समजू शकतो. तरी मला तो येथे चुकला असे वाटते. पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचेच उदाहरण घेतात. पौलाचा अब्राहाम ताऱ्यांकडे पाहून देवाच्या वचनावर विसंबतो. याकोबाचा अब्राहाम मुलाला घेऊन डोंगर चढतो. माणूस एकच, मध्ये कित्येक वर्षे गेलेली. विश्वासूपणा म्हणतात तो त्या मधल्या वर्षांतला असावा. ग्रीक भाषेत विश्वास आणि विश्वासूपणा या दोहोंना 'पिस्तिस' हा एकच शब्द चालतो, हे मला नुकतेच कळले.

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले, तेही साध्या बायाबापड्यांना समजेल अशा भाषेत. पण त्याआधी, १८९६-९७ च्या दुष्काळात, त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या होत्या. भाषांतराचे काम पुढे केडगावला त्याच मुलींच्या गराड्यात चालले.

रोजचे वाचन सोडावे असे मी म्हणत नाही. मला पकडले ते वाचनानेच. पण दारात कोणी उभे असेल तर अध्याय अर्धा राहू द्यावा. आमच्या मंडळीतील काही वडीलधाऱ्यांना हे पटणार नाही.

त्या बाईला मी परत पाठवले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आजी गोधडी घेऊन कोप्यांकडे गेली होती. टोळी पहाटेच पुढच्या गावाला हलली होती. गोधडी आजीने पेटीत परत ठेवली नाही. दाराजवळच्या खुंटीवर आहे.