राजवाड्याची सावली कोणत्या रंगाची?



गेल्या रविवारी संध्याकाळी भाचीबरोबर राजवाड्यासमोर बसले होते. ती बारावीत आहे, चित्रकलेच्या कॉलेजात जायचं म्हणते. हातात वही होती, पण मिटलेली.

"मावशी, सगळे म्हणतात, तुझी स्वतःची शैलीच नाही. एक चित्र असं, दुसरं तसं. अर्ज भरायला पाचच दिवस उरलेत. भरू की नको?"

मी तिला बेंद्र्यांबद्दल विचारलं. तिने नावही ऐकलं नव्हतं. चूक तिची नाही, आपण घरात कधी सांगितलंच नाही.

नारायण श्रीधर बेंद्रे १९१० साली आपल्या इंदूरात जन्मले. दत्तात्रय देवळालीकर यांच्या चित्रशाळेत शिकले. मकबूल फिदा हुसेनही याच गुरूंचे विद्यार्थी. देवळालीकर मुलांना चित्रं काढायला उघड्यावर, उन्हात पाठवत. ऊन कुठे पडलंय आणि सावलीत कोणता रंग आहे, हे बघायची सवय तिथे लागली. सुरुवातीची त्यांची निसर्गचित्रं याच नजरेतून आली.

पण बेंद्रे तिथेच थांबले नाहीत. शांतिनिकेतनला गेले, अमेरिका-युरोपची आधुनिक चित्रं पाहून आले. १९५० पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवू लागले. त्या काळातलं त्यांचं 'काटा' हे चित्र बघा: पायातला काटा काढण्याचा साधा प्रसंग, पण आकृत्या क्यूबिझमच्या वळणाने कोनांत बांधलेल्या. १९५५ मध्ये त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मध्ये काही काळ त्यांनी अमूर्त चित्रंही केली. १९६६ मध्ये बडोदं सोडलं आणि पुढे, साठी ओलांडल्यावर, ते ठिपक्यांनी रंगवू लागले. फ्रान्समध्ये सराने जे तंत्र वापरलं, त्याच जातीचं. मात्र बेंद्र्यांच्या ठिपक्यांतून दिसतात त्या आपल्या खेड्यातल्या बायका, त्यांची रोजची कामं, त्यांच्या गप्पा.

तंत्र समजायला सोपं आहे. लाल आणि पिवळा पॅलेटवर न मिसळता शेजारी शेजारी बारीक ठिपके द्यायचे. जवळून दोन रंग वेगळे दिसतात, चार पावलं मागे गेलं की डोळा त्यांचा नारिंगी करतो. रंग मिसळायचं काम बघणाऱ्यावर सोपवलेलं असतं. करायला मात्र फार चिकाटी लागते.

"म्हणजे त्यांनी इतक्या वेळा शैली बदलली?" भाचीने विचारलं.

"हो. पण ऊन, रंग आणि माणसं सोडली नाहीत. अठराव्या वर्षी शैली ठरवून टाकली असती, तर पुढचं काहीच झालं नसतं."

ती समोर बघत राहिली. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. दगडाला आपण सरसकट तपकिरी म्हणतो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मावशी, ती सावली जांभळी आहे गं." आणि वही उघडली.

अर्ज बुधवारी भरला. प्रवेश मिळेल की नाही, ते अजून कळायचंय.

मुलांनो, पुढच्या वेळी सराफ्यात खायला जाल, तेव्हा अंधार पडायच्या आधी जा. राजवाड्यासमोर पाच मिनिटं उभे राहा आणि तुम्हाला सावली कोणत्या रंगाची दिसली, ते मला जरूर कळवा.