काम बारमाही, माणूस मात्र 'नैमित्तिक'

#थ्रेड

१९७४ चा रेल्वे संप म्हटला की आपल्या चर्चांत दोनच माणसे उरतात : जॉर्ज फर्नांडिस आणि इंदिरा गांधी. २ मे रोजी लखनौत अटक, ८ मेपासून सुमारे वीस दिवसांचा देशव्यापी संप आणि पुढच्या वर्षी आणीबाणी. हा क्रम खोटा नाही. पण त्या संपाच्या मागण्यांची यादी आपल्यापैकी किती जणांनी शेवटपर्यंत वाचली आहे? बोनस, आठ तासांचा दिवस आणि महागाई भत्ता यांच्याबरोबर तीत आणखी एक मागणी होती : रेल्वेतील नैमित्तिक कामगारांना कायम करा. संपाला केवळ आणीबाणीची नांदी ठरवणाऱ्या आपल्या कथनात ही मागणी कुठेच दिसत नाही. माझे भांडण त्याच्याशी आहे.

नैमित्तिक, म्हणजे रेल्वेच्या बोलीत 'कॅज्युअल'. या वर्गाचे समर्थन ऐकायला सोपे आहे. पुरात रूळ वाहून गेले, चार माणसे रोजावर घेतली, काम संपले, माणसे घरी गेली. यात अन्याय तो कोणता?

अन्याय असा की रुळाखालची खडी दर पावसाळ्यात सरकते, स्लीपर दरवर्षी बदलावे लागतात आणि नवे मार्ग व पूल दशकानुदशके बांधले जातात. काम कधी संपतच नव्हते. हजेरीपटावरचे नाव तेवढे संपत होते.

ते कसे, हे नियमांतच दिसते. चालू मार्गावर सलग सहा महिने (पुढे मियाभॉय न्यायाधिकरणानंतर चार महिने) तेच काम केलेल्या रोजंदाराला 'तात्पुरता' दर्जा आणि वेतनश्रेणी मिळे. तोवर मजुरी स्थानिक बाजारभावाने. म्हणजे दर्जा हाती पडण्याआधी 'सलग' हा शब्द मोडला की झाले! ज्याला आपण आज 'तांत्रिक खंड' म्हणतो, त्याची सोय इथेच होती. आणि 'प्रकल्पा'वरच्या कामगाराला तर हा नियम लागूच नव्हता. मग कोणत्या कामाला प्रकल्प म्हणायचे? ते ठरवणार रेल्वेच.

१९७४ च्या संपानंतर कायम कामगारांना 'सेवाखंड' ही शिक्षा म्हणून देण्यात आली. नैमित्तिकाला असा खंड सोसण्यासाठी संपावर जाण्याचीही गरज नव्हती.

'सगळ्यांनाच कायम केले तर खजिना रिता होईल' हा आक्षेप आजही ऐकू येतो. असेल तसे. मग काम स्वस्तात हवे होते असे स्वच्छ सांगावे, ते तात्पुरते होते असे सांगू नये. १९८२ मध्ये रॉबर्ट डिसूझा खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या माणसाने वीस वर्षांच्या आसपास सेवा केली होती, तरी रेल्वेच्या लेखी तो नैमित्तिकच. गैरहजेरीच्या कारणावरून त्याचे नाव पटावरून खोडले गेले होते. न्यायालयाने ती कामगारकपातच ठरवली. वीस वर्षे चालणारे हे कसले निमित्त?

त्याहून बोलका १९८५ चा इंदरपाल यादव खटला. न्यायालयीन लढ्यामुळे रेल्वेने प्रकल्प-कामगारांसाठी योजना आखली : ३६० दिवस भरलेल्यांना टप्प्याटप्प्याने तात्पुरता दर्जा. अट एकच, १ जानेवारी १९८४ रोजी कामावर असले पाहिजे. वरवर निरुपद्रवी वाटणारी ही तारीख नीट पाहा. त्या दिवशी कामावर कोण होते? ज्यांना वकील परवडला आणि ज्यांनी न्यायालयातून स्थगिती मिळवली ते. ज्याच्याजवळ न्यायालयापर्यंत पोहोचण्याचे बळ नव्हते तो केव्हाच घरी गेला होता, आणि योजनेनुसार आता कायमचाच बाहेर राहणार होता. न्यायालयाने नेमके यावर बोट ठेवले आणि तारीख १ जानेवारी १९८१ अशी मागे नेली. प्रबंधासाठी निकालपत्रे वाचताना मी याच पानावर सर्वाधिक वेळ थांबलो.

दर्जा मिळूनही हिशेब मिटला नाही. तात्पुरता दर्जा लाभल्यापासून कायम होईपर्यंतची सेवा निवृत्तिवेतनासाठी निम्मीच धरण्याचा नियम झाला. त्याआधीच्या निव्वळ रोजंदारीच्या वर्षांचे काय, यावर रेल्वे आणि तिचे निवृत्त कामगार २०१७ मध्येही सर्वोच्च न्यायालयात भांडत होते.