स्वॅबही तपासून घ्या

एप्रिल २००७ मध्ये जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहरात एका तरुण महिला पोलिसाचा गोळी घालून खून झाला. पोलिसांच्या गाडीत मिळालेला डीएनए एका अनोळखी बाईचा निघाला. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या सुमारे ४० गुन्ह्यांत हाच डीएनए सापडला. १९९३ चा एक खून त्यात होता, तशा किरकोळ घरफोड्याही. तीन लाख युरोंचे इनाम लागले. २००९ मध्ये कळले, की अशी गुन्हेगार बाई नव्हतीच. डीएनए होता नमुने टिपायच्या स्वॅबच्या कारखान्यातल्या एका कामगार महिलेचा.

ते स्वॅब निर्जंतुक होते. पण निर्जंतुकीकरणात जंतू मरतात, डीएनए उरतो. तपासणीला रक्ताचा मोठा डाग लागत असे त्या काळात ही भेसळ कुणाच्या ध्यानातही आली नसती. डीएनएच्या प्रती वाढवणारे पीसीआर तंत्र मोजक्या पेशींतून डीएनए प्रोफाइल काढू लागले आणि कारखान्यातला हातही प्रयोगशाळेत दिसू लागला. पुढे २०१६ मध्ये अशा साहित्यासाठी आयएसओ १८३८५ हे मानक आले.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. नव्या कायद्यातली ही सर्वांत मोलाची तरतूद, असे आम्हाला वाटते. म्हणूनच नमुने गोळा करायच्या किटच्या खरेदीच्या निविदा निघण्याआधी हे सांगायला हवे: निविदेत नुसते ‘निर्जंतुक’ लिहून भागणार नाही, ‘मानवी डीएनएमुक्त’ अशी अट हवी. स्वॅबचा लॉट नंबर पंचनाम्यात यावा आणि त्याच लॉटमधला एक न वापरलेला स्वॅब मुद्देमालासोबत मोहोरबंद होऊन प्रयोगशाळेत यावा.

घटनास्थळी वावरणारे पोलीस, छायाचित्रकार आणि आपण न्यायसहायक तज्ज्ञ स्वतः, यांचे प्रोफाइल वगळणीसाठी हाताशी असले पाहिजेत. ते संमतीने घ्यावेत, दुसऱ्या कशासाठीही वापरू नयेत आणि माणूस नोकरी सोडून गेला की नष्ट करावेत. याला कर्मचारी संघटनांचा विरोध होईल. तो समजून घ्यावा, पण मागणी सोडू नये.

राहिला अहवाल. तपास अधिकारी विचारतो, ‘जुळला का?’ आणि आपण एका ओळीत उत्तर देतो. डीएनए कुणाचा हे प्रोफाइलवरून सांगता येते. तो तिथे कधी आणि कसा पोहोचला, हे त्यावरून सांगता येत नाही. ही मर्यादा प्रत्येक अहवालात, निष्कर्षाच्या लगेच खाली, तपास अधिकाऱ्याला आणि न्यायालयाला कळेल अशा मराठीत लिहिलेली असावी.