सफाईने दात हलत नाहीत

दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, हा समज महाराष्ट्रात शिकल्यासवरल्या घरांतही ठाण मांडून बसला आहे. ब्रश करताना थुंकीत रक्त दिसलं, तर तुरटीच्या गुळण्या होतात, लवंगेचं तेल लागतं, नाहीतर त्या बाजूला ब्रश फिरवणंच बंद होतं. दवाखाना मात्र नको. पन्नाशीत कवळी आली की ‘वय झालं’ म्हणून सगळे मोकळे.

यात सफाईचा दोष नसतो. दातांवर रोज जंतूंचा चिकट थर जमतो. तो वेळेवर निघाला नाही, तर लाळेतल्या क्षारांनी कडक होऊन त्याचं कीटण होतं. हिरडीखाली जंतू साचत गेले की सूज येते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. असे खिळखिळे दात कधीकधी कीटणाच्या गिलाव्यावरच उभे असतात. गिलावा निघाला की आधीचंच हलणं उघडं पडतं आणि खापर फुटतं ते डेंटिस्टच्या माथी.

डेन्मार्कमध्ये 1965 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा निरोगी माणसांनी दात घासणंच थांबवलं. दहा ते एकवीस दिवसांत साऱ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू होताच आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या.

म्हणजे रक्त येतं त्या टप्प्यावर आजार परतवता येतो. हाड गेलं की ते सहसा परत येत नाही. मग मुळांपर्यंतची खोल सफाई, गरज पडली तर हिरडीची शस्त्रक्रिया करून उरलेलं राखावं लागतं. तरीही बरेच दात वाचतात.

आपल्याकडे यात तंबाखूची भर. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने 1992 मध्येच बंदी केली. पण घरी भाजलेली मिश्री सकाळ-संध्याकाळ दातांना लागतेच. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तर रक्तही कमी दिसतं, त्यामुळे दुखणं दडून राहतं. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड होतं.

राहिला प्रश्न वयाचा. जपानने 1989 मध्ये ‘ऐंशीव्या वर्षी वीस दात’ ही मोहीम सुरू केली. तेव्हा दहात एखाद्याच वृद्धाला ते जमत होतं. 2016 च्या पाहणीत जवळपास निम्म्या वृद्धांना ते जमलं. म्हातारपण तिथेही येतंच.

म्हणून मधुमेहाच्या प्रत्येक तपासणीत हिरड्या पाहिल्या गेल्या पाहिजेत, आणि कीटण काढण्याची सोय तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नियमित मिळाली पाहिजे. तोवर निदान एवढं करा: उद्या सकाळी बेसिनमध्ये लाल थुंकी दिसली, तर तुरटी शोधण्याआधी डेंटिस्टची वेळ घ्या.